संदकफूच्या चढावर जुन्या लँड रोव्हरमधून

मूळ इंजिन गेलेल्या गाडीला अस्सल म्हणावे का, हा वाद पुण्यातील आमच्या जीपवेड्या मित्रमंडळात कधीच मिटत नाही. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगला निघालो तेव्हा मी 'मूळ इंजिनच हवे' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा होतो.

भारत-नेपाळ सीमेवरच्या या लहानशा गावात पन्नासच्या दशकातील लँड रोव्हर आजही भाड्याने मिळतात. त्या इंग्रज चहामळेवाल्यांनी आणल्या, असे गावकरी सांगतात. येथून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंतची वाट सुमारे ३१ किलोमीटरची असून पूर्वी ती केवळ दगडगोट्यांची होती. आता बऱ्याच भागात काँक्रीट झाले असले तरी चढ आणि वळणे तशीच आहेत.

आमच्या गाडीचा दर्शनी भाग 'सीरिज वन'चा, म्हणजे लँड रोव्हरच्या पहिल्या मॉडेलचा होता; हेडलाइट मडगार्डवर नसून मधोमध, जाळीच्या बाजूला. १९४८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम दिसली तेव्हा युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, त्यामुळे रोव्हर कंपनीने बॉडीसाठी अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला. त्या नाइलाजामुळेच इथल्या धुक्यात आणि पावसात पत्रा टिकून आहे. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) मात्र पोलादीच, आणि गंज धरतो तो तिथेच. दाजूंनी (गाडीच्या मालकांना सगळे याच नावाने हाक मारत होते) जागोजागी वेल्डिंग करून घातलेल्या पट्ट्या मला वाकून दाखवल्या. पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) स्थानिक लोहाराने घडवलेले, आसने गावातच शिवलेली, आणि बॉनेटखाली महिंद्राचे डिझेल इंजिन! मूळचे १.६ लिटरचे, पन्नास अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन वडिलांच्या काळातच काढून टाकले, हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही.

चित्रे आणि मेघमा मागे टाकून आम्ही तुमलिंगला चहा घेतला. तिथून गैरीबासपर्यंतचा उतार आणि त्यानंतर कालीपोखरीकडे चढणारी नागमोडी वाट हीच या प्रवासातील खरी परीक्षा. दाजू गाडी थांबवून लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) घालत, आणि मग ब्रेकला किंवा क्लचला फारसा पाय न लावता, माणसाच्या चालीने, ती जड गाडी एकेक वळण घेत असे. कमी फेऱ्यांवर जोर देणारे डिझेल इंजिन तिथे किती उपयोगी पडते, हे मागच्या आडव्या बाकावर आदळत बसलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

संदकफूला कांचनजंगा, ल्होत्से, मकालू आणि एव्हरेस्ट एकाच क्षितिजावर दिसले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा निम्मा वेळ गाडीखाली डोकावण्यात गेला.

मूळ नट-बोल्ट शोधून जपलेल्या, फक्त प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाड्यांबद्दल मला आदर आहेच. पण सत्तरीकडे गेलेली गाडी याच वाटेवर प्रवासी आणि तांदळाची पोती वाहत असेल, तर तिच्या बदललेल्या इंजिनाला भेसळ म्हणायला मी आता तयार नाही. आमच्या मंडळातील कडव्यांना हे पटणार नाही, याची खात्री आहे.

या मार्गावर आता बोलेरो वाढल्या आहेत आणि आराम हवा असेल तर त्याच बऱ्या. जुनी लँड रोव्हरच हवी असल्यास मानेभंज्यांगला आदल्या संध्याकाळी पोहोचून तसे स्पष्ट सांगावे, गाडी आधी पाहून घ्यावी आणि शक्यतो पुढची जागा मागावी.