तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीवर उभं राहून गाणं ऐकू येतं का?

एप्रिल लागला की हा प्रश्न येतोच, मित्र विचारतात, पाहुणे विचारतात, "तुझं बरं आहे बे, महिनाभर फुकटात कव्वाली, पण धंदा करता करता ऐकू येते का काही?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आमची गाडी आलुबोंडा, भजे आणि लिंबू सरबताची. माय तळते, बाकीचं मी बघतो. आमच्या यवतमाळकडच्या गावांमध्ये भीमजयंतीची मिरवणूक १४ एप्रिलला निघते, पण बाबासाहेबांवरच्या कव्वालीचा, म्हणजे गाण्याचा प्रोग्राम त्याच राती होईल असं नाही, कारण सगळ्या गावांना एकाच दिवशी गायनपार्ट्या कुठून पुरणार, मग तारखा सरकत सरकत बुद्धपौर्णिमेपर्यंत, कधी मे संपेपर्यंत जातात. दिवसा ऊन असं की बर्फाची लादी तालुक्याहून बोरीत गुंडाळून, भुसा घालून आणली तरी संध्याकाळपर्यंत अर्धी होते. त्यात संध्याकाळी भोजनदान असतं, लोक पोटभर जेवून येतात, त्यामुळे नऊ-साडेनऊपर्यंत फक्त सरबत खपतं.

आता ऐकण्याचं. गाडी लागते लोकांच्या मागे, रोडच्या कडेला, आणि कढईला वारा लागू नये म्हणून आमची पाठ बहुतेक वेळा स्टेजकडेच. कितीतरी गायकांचे चेहरे मी पाहिलेच नाहीत, पण आवाज ओळखतो. ढोलक, बेंजो, ऑक्टोपॅड जोरात सुरू झाले की पोट्टे नाचून घामाघूम होऊन गाडीवर येतात, तेव्हा हात थांबत नाही. आणि मुकाबला असला, एका पार्टीनं सवाल टाकला आणि दुसरी जवाब द्यायला उभी राहिली, की मग कोणी जागचं हलत नाही. घाण्यातले बोंडे तसेच थंड होतात. तुम्हाला वाटेल नुकसान, पण मला रातीतला तोच वेळ सगळ्यात जास्त आवडतो, खरंच.

एक काम मात्र लोकांना माहीत नसतं, ते म्हणजे चिल्लर. गाणं आवडलं की लोक स्टेजवर दहा-वीस रुपये देतात, माईकवरून नाव पुकारलं जातं, त्यासाठी पाचशेची नोट घेऊन सगळे गाडीवर येतात, "भाऊ, दहाच्या दे ना." आधी माझ्याकडे गड्डी असायची. आता आलुबोंड्याचे पैसे स्कॅनरवर येतात, मग दहाच्या नोटा येणार कुठून, म्हणून मी आधीच किराणावाल्याकडून जमवून ठेवतो. कोणाची भेट माझ्यामुळे राहून गेली तर मला राती झोप लागत नाही.

माय चौथीपर्यंत शिकली. महाडचं पाणी १९२७ चं, नागपूरची दीक्षा १९५६ ची, हे तिला कोणत्या पुस्तकानं नाही सांगितलं, कव्वालीवाल्यांनी सांगितलं, आणि तेही ती कढईसमोर उभी असताना. रमाई गेल्या २७ मे १९३५ ला, त्यामुळे मेच्या शेवटी प्रोग्राम असला की त्यांच्यावरची गाणी जास्त होतात. मागच्या वर्षी अशाच एका राती एका गायिकेनं रमाईच्या गोवऱ्या थापण्याचं गाणं धरलं, घाणा कढईत, पाच-सहा गिऱ्हाईकं उभी, आणि मायनं गॅस बंद केला. मी म्हटलं, "माय, लोक थांबले आहेत ना." ती म्हणे, "थांबू दे. ऐकून घे." गिऱ्हाईकं पण काही बोलली नाहीत, हातात रिकाम्या प्लेटा घेऊन तशीच उभी राहिली. भजे पार तेलकट झाले, आम्ही ते विकले नाहीत.

पहिले हे रातभर चालायचं, माय सांगते की पहाटे चारला चहा सगळ्यात जास्त खपायचा. आता लाऊडस्पीकरचा नियम रातीच्या दहाचा, काही ठरावीक दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. म्हातारे, आजारी लोक झोपतात, नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण सवाल जेमतेम झालेला असतो, जवाब बाकी असतो, आणि मंडळाची पोरं माईकवाल्याला घड्याळ दाखवायला लागतात, तेव्हा जीव तुटतो. मग गायक जवाब माईक बंद करून, नुसत्या ढोलकवर पूर्ण करतो. तेवढ्या वेळात मी गॅस बारीक करतो, सरबताच्या ग्लासात चमचा फिरवत नाही, कारण गाडीपासून स्टेज लांब असतं आणि ऐकायचं असतं.

हो, ऐकू येतं.