ययाति आणि भडंग

गल्लीतल्या ग्रुपवर दर महिन्याला एकच निरोप येतो, ‘दुसरा शनिवार, पाच वाजता’. पाच म्हणजे साडेपाच, हे लहान पोरालाही माहीत आहे. दुसरा शनिवार अशासाठी की आमच्यातले दोघं बँकेतले, त्यांना त्या दिवशी सुट्टी. आमच्या वाचनमंडळाला नाव नाही. एकदा नाव ठेवायला बसलो होतो. दीड तास वाद झाला, त्या महिन्याचं पुस्तक तसंच बाजूला राहिलं आणि नावही ठरलं नाही. तेव्हापासून ‘आपलं शनिवारचं’ एवढंच म्हणतो.

पावसाळ्यात निरोपाला शेपूट असतं, ‘आयर्विनला किती फूट ते बघून’. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 वर धोका. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा आमचं पुस्तकांचं कपाट खालच्या तीन कप्प्यांपर्यंत पाण्यात होतं. बहुतेक पुस्तकांचा लगदा झाला. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी तेवढी जिवंत निघाली. गच्चीवर पानापानात हवा जाईल अशी उभी करून वाळवली, तर फुगून दीडपट झाली. आता ती नीट मिटत नाही, वर पाटा ठेवावा लागतो. महापुरातून वाचलेली, पण मी न वाचलेली.

तर या महिन्याला तीच निघाली. पुस्तक ठरवायची आमची पद्धत म्हणजे ज्याच्या घरी बैठक, त्याची चिठ्ठी. यावेळी यजमान होते निवृत्त बँकवाले काका. त्यांचा मुद्दा साधा होता, “आपल्या गावचा माणूस आहे, आपण नाही वाचायचा तर कुणी?” खांडेकरांवरून सांगलीकर जरा हळवे होतात. मास्तरकी केली शिरोड्यात, पुढचं आयुष्य गेलं कोल्हापुरात, त्यामुळं त्या दोन्ही गावांचा हक्क मोठा. आमच्या वाट्याला जन्म. 1898 साली इथं जन्मले आणि तेव्हा नाव होतं गणेश, विष्णू सखाराम झाले ते पुढं दत्तक गेल्यावर. ‘गणपतीच्या गावात जन्मलेला गणेश’ हे काकांनी इतक्या वेळा सांगितलं, की ज्ञानपीठ गणेशालाच मिळालं असं वाटावं. ते मिळालं 1974 सालचं, मराठीला पहिलंच.

खाण्याचा एक नियम आहे, चहा आणि भडंग, बाकी काही नाही. हा नियम करावा लागला. सुरुवातीच्या वर्षात एका घरी सुरळीच्या वड्या झाल्या, पुढच्या घरी दहीवडे, त्याच्या पुढच्या घरी चक्क पुरणपोळी, आणि मग एका वहिनींनी ‘आमच्याकडं नको बाई बैठक’ म्हणून अंग काढून घेतलं. भडंगाचा एक फायदा माझ्या उशिरा लक्षात आला. लसूण घातलेलं, कुरकुरीत भडंग तोंडात असताना कुणालाही गंभीर विधान करता येत नाही. वाद चिघळायला लागला की काकू परात फिरवतात. न्यायालयानं हा उपाय करून बघायला हरकत नाही.

चौदा जण आले होते. चारेकशे पानांचं पुस्तक पूर्ण वाचलेले पाच. मी निम्म्यावर होते आणि ते मी कबूल करणार नव्हते. निम्म्यावर असलेल्यानं सुरुवातीलाच एक प्रश्न विचारून मोकळं व्हावं, म्हणजे पुन्हा कुणी आपल्याकडं बघत नाही. मी विचारलं, “तिघांनाही बोलायला लावलंय, पण खरं कोण बोलतंय?”

राजा ययाति, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा आपापली बाजू ‘मी’ म्हणून सांगतात, अशी त्या कादंबरीची रचना. माझा प्रश्न तसा बरा होता. पण तो पडला आणि चर्चा कादंबरीतून कधी उठून गल्लीत आली ते कळलं नाही. कोपऱ्यावरच्या मावशी एकदम म्हणाल्या, “देवयानीला सगळे नावं ठेवतात. मी म्हणतो, तिचं काय चुकलं? नवऱ्यानं तिला विचारून केलं काय काही?” आमच्याकडं बायकाही ‘मी म्हणतो’ म्हणतात, त्यामुळं वाक्याला आपोआप वजन येतं. मावशींनी देवयानीचं वकीलपत्र वीस मिनिटं चालवलं. त्यातली बारा मिनिटं त्या थोरल्या जावेबद्दल बोलत होत्या, आणि हे जाऊबाई सोडून सगळ्यांना कळत होतं. जाऊबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी शर्मिष्ठेची बाजू घेतली.

एरवी याच बायका पाण्याच्या वेळेवरून आणि गाडी कुठं लावली यावरून बोलतात, त्यातही तोलून-मापून. पुस्तक मध्ये ठेवलं की मात्र जीभ सुटते. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. तेव्हापासून सांगलीकराला मनातलं बोलायला दुसऱ्याचं सोंग लागतं, असा माझा आपला एक अंदाज.

मग म्हातारपणाचा विषय निघाला. शुक्राचार्यांचा शाप, ययातीला आलेलं अकाली वार्धक्य, आणि त्यानं मुलाकडं तारुण्य मागणं. शाळेतले मास्तर म्हणाले, “महाभारतात थोरल्या चौघांनी सरळ नकार दिलाय. धाकटा पुरू तेवढा तयार झाला.” यावर सगळ्यांनी पुरूची तारीफ सुरू केली. असा मुलगा पाहिजे, हल्ली कुठं मिळतात, वगैरे. बोलता बोलता कुणीतरी आमच्या पोस्टमास्तर नानांकडं हात केला, “आता नानांचंच बघा की.”

नानांचा मुलगा बेंगळुरात नोकरीला होता. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा सुट्टी काढून आला, तो परत गेलाच नाही. त्याला आता आठ वर्षं झाली. गल्लीत एक छोटं झेरॉक्सचं दुकान चालवतो. लग्न राहिलं. सगळे त्याचं उदाहरण देतात. मीही घरात देते, बारावीतल्या आमच्या चिरंजीवांना, विशेषतः तो बाहेरच्या कॉलेजांची नावं काढतो तेव्हा.

नाना बैठकीला नियमित येतात, पण बोलत नाहीत. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणतात, मध्ये पोस्टाच्या जुन्या पावत्यांच्या खुणा. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, कपड्यानं पुसला आणि म्हणाले, “पुरूनं नाही म्हणायला पाहिजे होतं.”

कुणी काही बोललं नाही. मास्तरांचा हात महाभारतातल्या आणखी कुठल्यातरी दाखल्यासाठी वर गेला होता, तो तसाच खाली आला.

“बाप मागेल हो,” नाना म्हणाले, “बापाला काय, घाबरलेला असतो. पोरानं नाही म्हणायचं. पोरानं नाही म्हटलं की बाप सुटतो.”

काकूंनी परात उचलली. नानांनी मूठभर भडंग घेतलं आणि सावकाश खाल्लं. मग बँकवाल्या काकांनी पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीचा विषय काढला, तो सगळ्यांनी घाईघाईनं उचलून धरला. पुढच्या वेळी विनोदी काहीतरी घ्यायचं, असं चौदापैकी तेरा मतांनी ठरलं. मावशींचं मत रहस्यकथेला.

सात वाजता नानांचा मुलगा आला. प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांच्या घरच्या असतात, त्या न्यायला. आठ खुर्च्या एकात एक घालून त्यानं खांद्यावर घेतल्या आणि “नाना, पायरी बघा” म्हणत पुढं झाला. मी माझी फुगलेली ‘ययाति’ पिशवीत कोंबत होते. नाना दारात चपला शोधत थांबले होते. त्यांनी पुस्तकाकडं बघितलं, मध्येच घातलेलं लाइटबिल बघितलं, आणि मी पकडले गेले.

“इथवरच झालंय?”

“हो नाना. कुणाला सांगू नका.”

“मग तुमचा पुरू अजून लहान असेल,” ते म्हणाले. “सावकाश वाचा.”