दहा चालतं, एक चालतं, अडीच येईना

लातूरच्या एका कोचिंग क्लासमधलं काम. लेक्चरचे व्हिडिओ स्टोरेज सर्व्हरवर ठेवून तिथूनच एडिट करायचे, म्हणून त्यांनी संगणक नेटवर्कने जोडणारं दहा गिगाबिटचं जुनं स्विच घेतलं होतं. एडिटिंगच्या संगणकांना बोर्डावरच अडीच गिगाबिटचं पोर्ट. तरी कॉपीचा वेग सेकंदाला ११२ एमबीच्या वर सरकत नव्हता. मालकांचा प्रश्न रास्त होता, "सर, दहाचं घेतलंय, मग अडीच काहून येईना?"

एक बाइट म्हणजे आठ बिट, त्यामुळे ११२ एमबी दिसलं की लिंक एक गिगाबिटवर आहे, असं धरून चालावं. नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ ९४१ मेगाबिट दाखवत होतं, म्हणजे ती लिंक काठोकाठ भरलेली. डिस्क किंवा सर्व्हर अडवत नव्हते. एक संगणक पेनड्राइव्हवरून लिनक्सवर चालू केला आणि इथटूल लावलं, ते लिंकची दोन्ही टोकं कोणते वेग जाहीर करतात ते दाखवतं. समोरचं स्विच जाहीर करत होतं १००, १००० आणि १०००० मेगाबिट. मधले २५०० आणि ५००० यादीतच नाहीत.

हा घोळ मानकांच्या क्रमातून आलेला आहे. तांब्याच्या केबलवरचं दहा गिगाबिट २००६ मध्ये ८०२.३एएन या मानकाने आलं, पण १०० मीटरसाठी त्याला कॅट ६ए दर्जाची केबल लागते आणि जुन्या इमारतींच्या भिंतींत बहुधा त्याखालची कॅट ५ई असते. पुढे वायफायलाच एक गिगाबिट अपुरं पडू लागलं. मधल्या वेगांसाठी २०१४ मध्ये कंपन्यांचे दोन गट समोरासमोर आले : सिस्को-अक्वांटियाचा एनबेस-टी आणि ब्रॉडकॉम-अरुबाचा एमजीबेस-टी. वाद मिटून मानकं ठरवणाऱ्या आयईईई संस्थेचं अडीच आणि पाच गिगाबिटचं ८०२.३बीझेड मंजूर झालं ते सप्टेंबर २०१६ मध्ये. तंत्र दहाचंच, अडीचसाठी सिग्नलचा वेग ८०० मेगाबॉड (सेकंदाला तितके दशलक्ष सिग्नल) वरून २०० वर आणला, म्हणून ते कॅट ५ईवर १०० मीटर जातं. त्याआधीच्या बहुतेक दहाच्या चिपना हा मधला वेग कळतच नाही आणि त्या थेट एकवर उतरतात. जुना माल घेताना डेटाशीटवर '८०२.३बीझेड' शोधाच, नुसत्या 'दहा'वर पैसे देऊ नका.

अडीचची आठ पोर्ट आणि दोन एसएफपी प्लस (मॉड्यूल किंवा खास केबल बसवायची दहाची खाच) असलेलं स्विच बसवलं. जुन्या स्विचलाही एसएफपी प्लस होतं, म्हणून दोन्ही डॅक केबलने, म्हणजे त्या खाचांत थेट बसणाऱ्या तयार केबलने, जोडली. तांब्याचं दहाचं मॉड्यूल फार तापतं, लातूरच्या उन्हाळ्यात बंद रॅकमध्ये ते नकोच.

एक संगणक तरीही अडीचवर टिकेना, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पाकिटं) वाढत होते. भिंतीतला जॅक उघडला तर तारांच्या जोड्यांचा पीळ तीनेक सेंटीमीटर सोडलेला. मर्यादा १३ मिलिमीटरची. पुन्हा पंच केला (तारा जॅकमध्ये दाबून बसवल्या), एरर कमी झाले, थांबले नाहीत. मग पॅचकॉर्डची, म्हणजे जॅकपासून संगणकापर्यंतच्या केबलची, तार ब्लेडने खरवडली. वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. ती बदलली आणि आयपर्फवर २.३५ गिगाबिट आलं, एररही थांबले. ६० जीबीचं लेक्चर आधी नऊ मिनिटं घ्यायचं, ते चारच्या आत उतरलं.