चौथ्या प्रसंगातलं एक वाक्य

कथा 4,200 शब्दांची होती. प्रसंग अकरा, खर्डा चौथा. सोबतच्या चिठ्ठीत लेखिकेनं एवढंच लिहिलं होतं, ‘शेवट तेवढा जमत नाहीये.’ शेवटचा परिच्छेद त्यांनी सात प्रकारे लिहून पाहिला होता आणि सातही पर्याय जोडून पाठवले होते.

गोष्ट रेल्वेच्या फाटकावरच्या माणसाची. निवृत्तीच्या दिवशी तो स्वतःच आपल्या नोकरीची हकिगत सांगतो. वीस वर्षांपूर्वी एका रात्री त्याच्या फाटकात एक सायकलस्वार गाडीखाली आला होता. बंद फाटकाखालून वाकून जायला गेला आणि सापडला, असं सगळे धरून चालतात. शेवटच्या परिच्छेदात निवेदक कबूल करतो की फाटक उघडंच होतं. त्याला झोप लागली होती आणि रजिस्टरातली वेळ त्यानं मागाहून भरली.

माझ्याकडे येण्याआधी ही कथा दोघांनी वाचली होती आणि दोघांनीही एकच शब्द वापरला होता : ‘फसवलं.’ संपादन करताना हा शब्द मी फार गंभीरपणे घेतो. ‘कंटाळा आला’ किंवा ‘कळलं नाही’ याला दहा कारणं असू शकतात. ‘फसवलं’ असं वाचक म्हणतो तेव्हा आधी निवेदकाकडे बघावं.

लेखिका भेटायला आल्या तेव्हा सातही शेवट बाजूला ठेवून आम्ही पाच रकान्यांचा तक्ता आखला. प्रसंगाचा क्रमांक, घटना कधीची, शब्द किती, निवेदकाला या क्षणी काय माहीत आहे, वाचकाला काय माहीत आहे. हा तक्ता आठवणीवर भरायचा नाही. शेवटच्या रकान्यात जे लिहाल त्यासाठी मजकुरातल्या वाक्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. लिहिणाऱ्याची चूक नेमकी इथेच होते. जे आपल्या मनात पक्कं असतं ते कागदावरही आहे असं तो समजतो. अकरा प्रसंगांना दीड तास लागला, आणि त्यात चार ठिकाणी त्या स्वतःच म्हणाल्या, “अरेच्चा, हे मी लिहिलेलंच नाही.”

चौथ्या रकान्यात मात्र पहिल्यापासून अकराव्यापर्यंत एकच नोंद उतरली : फाटक उघडं होतं.

प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी’ दोन असतात. एक, ज्याच्यावर प्रसंग गुदरतो तो. दुसरा, काळ लोटल्यावर तो प्रसंग सांगायला बसलेला. पहिल्याला काही क्षण तरी खरोखर काहीच माहीत नसतं, तो झोपलेला असतो. पण कथा सांगतो दुसरा, आणि त्याला पहिल्या वाक्यापासून सगळं ठाऊक असतं. त्यानं गप्प राहणं वाचक चालवून घेतो. माणसं अवघड गोष्ट लगेच सांगत नाहीत, हे त्यालाही कळतं. पण या निवेदकानं चौथ्या प्रसंगात म्हटलं होतं, ‘फाटक बंद होतं. दिव्याच्या उजेडात आडवा दांडा मला स्पष्ट दिसत होता.’

हे गप्प राहणं नव्हे. हे खोटं आहे, आणि ते चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याशी बोललेलं नाही, थेट वाचकाशी बोललेलं आहे. अधिकाऱ्याशी तो कितीही खोटं बोलला असता तरी बिघडलं नसतं, उलट त्यातून पात्र उभं राहिलं असतं. वाचकाशी खोटं बोलणारा निवेदकही साहित्याला नवा नाही. ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकी समीक्षकानं 1961 मध्ये रूढ केली, पण तसे निवेदक त्याच्या कितीतरी आधीपासून लिहिले जात होते. मात्र त्याच्या खोटेपणाच्या खुणा मजकुरात असाव्या लागतात. तपासायचा उपाय सोपा आहे : शेवट माहीत असताना कथा पुन्हा वाचायची. दुसऱ्या वाचनात काही नवं सापडलं तर कथा टिकते. इथे काहीच सापडत नव्हतं, फक्त चौथ्या प्रसंगाचा राग येत होता.

तीन वाटा होत्या. पहिली, कबुली पहिल्याच प्रसंगात द्यायची. मग ‘त्या रात्री काय झालं’ हा प्रश्न संपतो आणि ‘हा आज ते बोलेल का’ हा प्रश्न पुढचे दहा प्रसंग ओढत नेतो. धक्का जातो, ताण येतो. दुसरी, तृतीयपुरुषी निवेदन घेऊन दृष्टिकोन नव्यानं रुजू होणाऱ्या तरुणाचा ठेवायचा. त्याला खरोखरच काही माहीत नसल्यानं लपवाछपवीचा प्रश्नच उरत नाही. पण कथेतली सर्वांत जिवंत गोष्ट म्हणजे म्हाताऱ्याचा आवाज, आणि तोच हातचा जातो. तिसरी, निवेदक तोच ठेवायचा, पण त्याला खोटं बोलू द्यायचं नाही. त्यानं फक्त टाळायचं.

माझा कल पहिल्या वाटेकडे होता. धक्क्यापेक्षा ताण दूरवर जातो असं मला वाटतं. लेखिकेनं तिसरी धरली, आणि पुढच्या तासाभरात मला ती पटली.

ती दोन वाक्यं काढून त्या जागी त्यांनी लिहिलं, ‘रजिस्टरात नोंद आहे, फाटक 11.40 ला बंद.’ हे वाक्य शब्दशः खरं आहे. नोंद आहेच. पहिल्यांदा वाचताना कुणी थांबणार नाही आणि दुसऱ्यांदा वाचताना नजर पुढे सरकणार नाही.

पण एक वाक्य बदलून भागत नाही. हा माणूस इतर सगळं डोळ्यांनी, कानांनी, हातांनी सांगतो. रुळांची थरथर, दांड्याचा गारठा, ओल्या खडीचा आवाज. मग त्याच रात्रीपुरता तो रजिस्टराच्या भाषेत का बोलतो? हेच या कथेचं तंत्र होऊ शकत होतं. चौथ्या प्रसंगातले इंद्रियांना जाणवणारे नऊ तपशील आम्ही मोजले आणि आठ काढले. राहिला फक्त स्टेशनहून वाजणारा फोन. उलट दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगात असे तपशील किंचित वाढवले, म्हणजे चौथ्यात आवाज कोरडा पडलेला ऐकू येईल.

खुणा तीन ठेवल्या. एकच असेल तर निसटते आणि पाच झाल्या तर वाचक कथेच्या पुढे जाऊन बसतो. दुसऱ्या प्रसंगात निवेदक अभिमानानं सांगतो की नोंद त्याच वेळी करायची, मागाहून भरली की ओळ दाटीत बसते. चौथ्यात 11.40. सातव्यात नवा तरुण अपघाताबद्दल विचारतो आणि हा पुन्हा रजिस्टरच पुढे करतो. खूण परिच्छेदाच्या शेवटी टाकायची नाही, कारण तिथे आपोआप जोर येतो. चार गोष्टींच्या यादीत तिसरी म्हणून किंवा लांब वाक्याच्या पोटात ती बसवावी.

तिसऱ्या रकान्यानं मात्र गोंधळात टाकलं. निवृत्तीचा समारंभ 900 शब्द, अपघात 140. कथनाचा वेग घटनेच्या वजनाशी जुळवावा, महत्त्वाचा प्रसंग विस्तारानं दाखवावा आणि बाकीचं सारांशात उरकावं, असा आमच्या कामातला सर्वसाधारण नियम. त्यानुसार मी अपघाताभोवती पेन्सिलीनं ‘वाढवा’ असं लिहिलंही होतं. ते खोडलं. जो माणूस त्या रात्रीपासून पळतोय तो तिच्यावर 140च शब्द खर्च करणार. जास्त झाला होता तो समारंभ, तो 350 वर आणला. कंदील चौदा वेळा येत होता, तो चार वेळा ठेवला.

मग पुन्हा ते सात शेवट काढले. एकही बसेना. खुणा जागच्या जागी बसल्यावर कबुलीच जादा वाटायला लागली. ओळख पटण्याचा क्षण बाहेरून आणलेल्या पुराव्यापेक्षा घटनांमधूनच उगवावा, हे ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेबद्दल सांगितलंय ते इथे हाताशी होतं. लेखिकेनं अख्खा शेवटचा परिच्छेद काढला. आता निवेदक नव्या तरुणाकडे जुनी रजिस्टरं सोपवतो. तरुण पानं चाळत त्या रात्रीवर येतो. 11.52 च्या अपघाताची नोंद ठळक आहे आणि तिच्या वर, दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरात 11.40. तो विचारतो, “काका, ही ओळ अशी मधेच कशी?” कथा तिथे थांबते.

संध्याकाळी हा खर्डा तिसऱ्या वाचकाकडे गेला. त्यानं आधी काहीच वाचलेलं नव्हतं. शेवटचं पान संपल्यावर काही न बोलता त्यानं पानं मागे उलटली, चौथ्या प्रसंगावर थांबला आणि मग दुसऱ्यावर गेला. सातव्या प्रसंगातली खूण मात्र त्याला सापडली नव्हती. ती वाक्याच्या फारच पोटात गेली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी चार शब्द पुढे सरकवली.