लाल पडलेले चार प्लग: आमची वाटचाल

आमच्या ऑफिसात काचेच्या बरणीत चार स्पार्क प्लग ठेवले आहेत. चारही विटकरी लाल. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी ती बरणी त्याच्या हातात देतो आणि मगच बाकीची ओळख करून देतो.

सुरुवात आम्ही दोघा भावांनी ऑक्टेन बूस्टरपासून केली, म्हणजे पेट्रोलमध्ये घालून नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिनात होणारी ठकठक) कमी करणाऱ्या द्रवापासून. दोघंही गॅरेजमध्ये हात काळे करून आलेलो. तयार मिश्रण पिंपाने घ्यायचं, बाटल्यांत भरायचं, लेबल लावायचं. त्यात फेरोसीन होतं, म्हणजे लोखंडाचं संयुग. थोड्याशा मात्रेत ते नॉकिंग खरोखर कमी करतं, म्हणून माल खपायचाही. पण लोखंड जळून नाहीसं होत नाही. त्याचा ऑक्साइड होतो आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पातळ लाल थर बसतो. इंजिन तापलं की त्या थरातून करंट गळतो, ठिणगी जागेवर पडत नाही, गाडी मिसिंग करायला लागते. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं आणि तो जादा तापतो.

हे आम्हाला एका मेकॅनिकमुळे कळलं. त्याने हे चार प्लग फडक्यात गुंडाळून आणले, टेबलावर ठेवले, आणि काही न बोलता उभा राहिला. त्याच आठवड्यात आम्ही दुकानांतला माल परत मागवला. कंपनीचं निम्म्याहून जास्त उत्पन्न त्या एका बाटलीवर होतं.

त्या रिकाम्या महिन्यांत मी वाचायला बसलो. धातू घालून ऑक्टेन वाढवायचा मोह जुना आहे. 1921 मध्ये थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा नॉकिंगवरचा गुण सापडला आणि शिसं जगभरच्या पेट्रोलमध्ये शिरलं. पुढे कन्व्हर्टर आले, तेव्हा हेच शिसं आतल्या प्लॅटिनमवर बसून ते निकामी करू लागलं. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या शरीरात गेलं ते वेगळंच. गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली 2021 मध्ये. पूर्ण शंभर वर्षं लागली. ते वाचल्यावर धातूचं काहीही विकायचं नाही, हे आमचं ठरलं.

मग आम्ही साफसफाईकडे वळलो. पॉलीइथरअमाइन नावाचं डिटर्जंट आहे. त्याच्या रेणूचं नायट्रोजनचं टोक साचलेल्या थराला धरतं आणि लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, त्यामुळे थर कणाकणाने सुटतो. याच कामाची पॉलीआयसोब्युटीन अमाइन व्हॉल्व्ह चांगले साफ करतात, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडा कार्बन धरू शकतात. म्हणून आम्ही महाग पडलं तरी पहिलं निवडलं.

इंजेक्टर चोक कसा होतो ते बघण्यासारखं आहे. गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या धगीने नोझलच्या टोकावर उरलेलं पेट्रोल वाळतं आणि डिंकासारखं चिकटतं. असं रोज झालं की बारीक फवाऱ्याऐवजी तुटक धार पडते. चारपैकी एकच इंजेक्टर चोक झाला तर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरला दिसते ती चारही सिलिंडरची सरासरी. कॉम्प्युटर सगळ्यांना पेट्रोल वाढवतो. चांगल्या तिघांना जास्त मिळून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि चोक झालेल्या चौथ्याला तरीही कमी पडून मिसिंग होते, हायड्रोकार्बन वाढतात. कन्व्हर्टर तर हवा-पेट्रोलाच्या 14.7 ला 1 या प्रमाणाच्या आसपासच नीट चालतो.

आमच्या स्वतःच्या जुन्या गाडीत स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेली वाढ-घट) अधिक 12 टक्के दाखवत होता. आमचं डिटर्जंट घातलेल्या दोन टाक्या संपल्यावर तो 4 वर आला आणि आयडलिंगची थरथर थांबली. भाऊ बोनेटवर तळहात ठेवून बराच वेळ तसाच उभा होता.

पण नवी ताकद यातून येत नाही. घाणीमुळे जेवढं गेलं, तेवढंच परत मिळतं. ज्या इंजिनाला नॉकिंगच नाही, त्याला ऑक्टेन वाढवून पिकअप मिळत नाही. नॉक सेन्सरला नॉकिंग जाणवून कॉम्प्युटर इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेत असेल, तरच फरक पडतो. इथेनॉलच्या पेट्रोलने कमी झालेला अ‍ॅव्हरेज भरून द्या, अशीही मागणी येते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलच्या दोन तृतीयांश असते, 10 टक्के मिश्रणात एकूण 3 टक्क्यांच्या आसपास घट होते. ती ऊर्जा कुठल्याही बाटलीतून येणार नाही, असं आम्ही सरळ सांगतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांनी आमची खरी परीक्षा घेतली. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग टाकीतलं डिटर्जंट त्यावरचा कार्बन धुणार कसं? इंजेक्टरच्या टोकावर मात्र ते काम करतं. आम्ही हे लेबलवर ठळक छापलं. एका मोठ्या वितरकाने ती ओळ काढायला सांगितली. आम्ही काढली नाही, ऑर्डर गेली. त्या महिन्याचे पगार भावाच्या बचतीतून झाले.

सध्या अशाच एका इंजिनावर आमची चाचणी चालू आहे. दर हजार किलोमीटरला प्लग काढून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालतो आणि इंजेक्टरच्या टोकाचे फोटो घेतो. तिसऱ्या फोटोत सहापैकी चार छिद्रांच्या कडा स्वच्छ दिसतात. उरलेल्या दोनांवर अजून काळं आहे, म्हणून त्या बाटलीचं लेबल अजून छापायला दिलेलं नाही.