डेंगीनंतर गळलेले केस: माझे दहा महिने

सप्टेंबर २०२३ मध्ये मला डेंगी झाला. सहा दिवस ताप, खाली आलेल्या प्लेटलेट्स, शेजारच्या काकूंनी आणून दिलेला पपईच्या पानांचा रस, सगळं झालं. त्यातून उठले, कामाला लागले आणि आजारपण विसरूनही गेले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्हाताना मोरीच्या जाळीवर केसांचा एवढा पुंजका जमला की पाणीच तुंबलं. मग उशीवर, ओढणीवर, एकदा तर मळलेल्या कणकेत. वय २९. कॉलेजात मैत्रिणी माझी वेणी हातात धरून बघायच्या. तीच वेणी आता अंगठ्याएवढी उरली होती आणि भांगातून टाळू दिसायला लागली होती.

पुण्यात केस गळतात म्हटलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं: टँकरचं पाणी. मीही तेच धरून चालले आणि घाबरून एकदम सगळंच करायला घेतलं. कांद्याचा रस लावला, टाळूची आग झाली आणि दोन दिवस खाज थांबेना. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, सुरू केल्या. जाहिरात बघून एक तेल मागवलं. आणि एका केसांच्या सेंटरमध्ये जाऊन बसले. तिथे माझी टाळू मोठ्या पडद्यावर दाखवली, "सहा महिन्यांत टक्कल दिसेल" म्हणून सांगितलं आणि ४५ हजारांचं पॅकेज पुढे केलं. रक्त तपासलं नाही, तापाबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मी आठ हजार आगाऊ भरून आले. दुसऱ्या दिवशी मन बदललं तेव्हा ते परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा मला त्या वाक्याचा राग आहे. घाबरून आलेल्या माणसाला आणखी घाबरवायचं आणि त्याच क्षणी पावती फाडायची, हे मला आजही पटत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असं काही?" डेंगी म्हटल्याबरोबर त्यांनी मान हलवली. मग पन्नास-साठ केसांची एक बट चिमटीत धरून हलकेच ओढली, हातात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवले आणि मला टोक बघायला लावलं. टोकाला पांढरा बारीक गोळा होता. पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात. पण टोकाला असा गोळा असेल तर केस तुटलेला नाही, मुळातून सुटलेला आहे.

त्यांनी सांगितलेलं मला इतकं उपयोगी पडलं की इथे लिहितेच. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं हे सगळ्यांचंच असतं. मोठ्या तापात शरीर एकाच वेळी खूप केसांची वाढ थांबवतं. ते सगळे दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे डिसेंबरात माझ्या हातात येणारा केस सप्टेंबरातच थांबला होता. मूळ मेलेलं नव्हतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी नीट झोपले.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. त्याआधी गमीज काही दिवस बंद करायला लावल्या, कारण जास्त बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. थायरॉइड ठीक निघालं. हिमोग्लोबिन १०.८, ड जीवनसत्त्व कमी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त ९. पाळीला जास्त जातं हे मला माहीत होतं, पण त्याचा केसांशी संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

आयुर्वेदाकडे आईमुळे गेले. संक्रांतीला गावी, कराडकडे, गेले होते. आई म्हणाली, "गोळ्या घेतेस ते बरंच आहे गं, पण एकदा बाईंना दाखव." या वैद्यबाई बीएएमएस आहेत, आमच्या घरी सगळ्यांना त्यांचाच गुण. त्यांनी नाडी बघितली, रिपोर्टही नीट वाचले आणि आधी हे सांगितलं, "लोहाची गोळी बंद करायची नाही. मी जे देतेय ते तिच्या जोडीला." माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो या वाक्याने.

आयुर्वेदात केस गळण्याला खालित्य म्हणतात. पित्त वाताच्या जोडीने केसांच्या मुळाशी जातं आणि केस पाडतं, मग कफ आणि रक्त ती छिद्रं बुजवतात, असं सुश्रुतांचं म्हणणं. केस हा अस्थिधातूचा मल, म्हणजे अन्नातून हाडं घडताना उरणारा भाग, मानला आहे, म्हणून वैद्यबाई आधी पचन आणि झोप विचारतात, तेल मागाहून. माझी शिफ्ट रात्री दीडला संपायची, जेवण अकराला, ताटात रोज लोणचं आणि पापड. फार मीठ खाणाऱ्याचे केस लवकर गळतात आणि पिकतात, हे चरकांनीच सांगून ठेवलंय. मग पथ्य ठरलं: लोणचं आठवड्यातून दोनदा, जेवण आठच्या आत, आणि डोक्यावरून कढत पाणी अजिबात नाही. वाग्भटांनी म्हटलंय की गरम पाणी मानेखाली घेतलं तर बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ नेतं. मी वर्षानुवर्षं गीझरच्या वाफाळत्या पाण्याने डोकं धूत होते.

तेल मात्र घरीच करायला सांगितलं, माक्याचं. माका ओळखण्यात मी पहिल्याच दिवशी चुकले. पाटाच्या कडेला पांढरी फुलं बघून ओटीभर पाला तोडून आणला, ती एकदांडी निघाली. आईने माक्याचं एक पान माझ्या तळहातावर चुरडलं आणि म्हणाली, "थांब जरा." हिरवा रस बघता बघता काळसर झाला आणि बोटांवर डाग पडला तो दोन दिवस गेला नाही. माक्याची खूण तीच.

माप असं: पाव लिटर घाण्याचं तिळाचं तेल, एक लिटर माक्याचा रस आणि आवळकाठी, जटामांसी, ज्येष्ठमध यांच्या चूर्णांचा सुमारे तीस ग्रॅम कल्क, म्हणजे पाण्यात कालवलेला लगदा. दोन पाट्या माका पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून लिटरभर रस निघाला. लोखंडी कढई, चुलीवर मंद आच, आणि सतत ढवळणं, कारण कल्क तळाला लागला की सगळं वाया. पहिल्या दिवशी संध्याकाळी आच काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. दुपारी तेलावर फेस यायला लागला. आईने उलथण्यावर थोडा कल्क घेतला, गार केला आणि दोन बोटांत वळला. त्याची वात झाली. ती वात विस्तवावर धरली. पाणी राहिलं असेल तर तडतडते. ती मुकाट जळली. तेल उतरवलं, कोमट असताना गाळलं. घरभर दोन दिवस तो कडवट, मातकट वास होता. आजही बाटली उघडली की मला ती चूल आठवते.

आठवड्यातून दोनदा रात्री हे तेल बोटांच्या पेरांनी, हलक्या हाताने. सकाळी शिकेकाई, नागरमोथा, गवला कचरी उकळून गाळलेल्या पाण्याने डोकं धुवायचं. डोळ्यांत गेली की शिकेकाई फार झोंबते, मान मागे टाकूनच ओतावी. खाण्यात अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, रोज एक आवळा किंवा लिंबू, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा सोडणं मला सगळ्यात जड गेलं.

धाकट्या भावानेही हेच तेल चार महिने लावलं. तो २६ चा, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत चाललेत, वडिलांसारखेच. त्याला फरक पडला नाही. "ताई, तुझं गेलं, माझं का नाही?" म्हणाला तेव्हा मीच त्याला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्याचं गळणं आनुवंशिक आहे, त्याला मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध सुरू आहे आणि थोडा गुण येतोय. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या तेलाचं माप मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी रिपोर्ट विचारते. माझं गळणं तेल न लावताही थांबलं असतं का? बहुधा, लोह भरल्यावर आणि वेळ गेल्यावर थांबलंच असतं. तेलाने टाळूची खाज आणि कोरडेपणा गेला, केस तुटायचे थांबले, आणि आठवड्यातून दोन रात्री मी फोन बाजूला ठेवून शांत बसायला लागले.

न्हायच्या दिवशी गळलेले केस मी पांढऱ्या रुमालावर मोजायचे. जानेवारीत २१४, मार्चमध्ये १६०, मेमध्ये ७०. फेरिटिन जुलैमध्ये ४१ झालं. ऑक्टोबरात दिवाळीला घरी गेले. नरक चतुर्दशीला पहाटे पाटावर बसले, आईने तेल लावायला घेतलं आणि तिची बोटं कपाळावर थांबली. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे केस उभे होते, चापून बसवले तरी बसेनात. तिने दिवा जवळ ओढला आणि एकेक करून ते बघत राहिली. उटणं वाटीत वाळून गेलं.