तुम्ही विचारलंत म्हणून : मडगावचे शिक्षण, मुंबईची पदवी

बैठकीच्या खोलीत लावलेले माझे पदवीपत्र पाहून घरी येणारा हमखास विचारतो, "मुंबईला कुठल्या कॉलेजात होता?" मी मडगावात शिकलो असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग गोव्याच्या माणसाच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव कसे?

याचे उत्तर त्या विद्यापीठाच्या घडणीतच आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली; म्हणजे शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवून परीक्षा घ्यायच्या व पदव्या द्यायच्या. आरंभी मुंबई विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती, त्याचा कारभार टाउन हॉलमधून चाले. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुरा झाला तो १८७८ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून. तोवर रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे ही १८६२ ची पहिली चौकडी बी. ए. होऊन सोळा वर्षे उलटली होती. विद्यापीठाचा दबदबा बसला तो आधी परीक्षेच्या कडकपणामुळे, इमारतीमुळे नव्हे, असे माझे मत आहे.

गोव्याचा संबंधही पहिल्या दिवसापासूनचा आहे. विद्यापीठाच्या स्थापनेच्या कायद्यातच ज्या पहिल्या फेलोंची, म्हणजे कारभारी मंडळाच्या सदस्यांची, नावे आली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचा जन्म पेडण्यातील मांद्र्याचा. (आमच्याकडे हे सांगितल्यावाचून मुंबईची गोष्ट पुढे सरकत नाही.) पोर्तुगीज राजवटीत पणजीला १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती आणि पुढे लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालयही निघाले, पण सर्वसाधारण विद्यापीठ नव्हते. त्यामुळे गोव्यातल्या काही इंग्रजी शाळा परक्या राज्यात असूनही मुलांना मुंबईच्या मॅट्रिकसाठी तयार करीत, आणि ज्यांना पुढे शिकायचे असे ते सीमा ओलांडून बेळगाव, पुणे वा मुंबई गाठत.

१९६१ च्या मुक्तीनंतर पुढच्याच वर्षी पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले महाविद्यालय सुरू झाले व दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. आम्ही त्या व्यवस्थेतले. आम्हांला शिकवणारे समोर असत, पण अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका आणि निकाल सारे मुंबईचे. विद्यापीठ म्हणजे आमच्या लेखी हॉल तिकिटावरचा बैठक क्रमांक. राजाबाई टॉवर मी प्रथम पाहिला तो पदवी मिळाल्यावर सात वर्षांनी, बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला गेलो असताना, आणि तोही फुटपाथवरून.

म्हणून संशोधनाच्या लौकिकाबद्दल कोणी माझे अभिनंदन करू लागला की मला संकोच होतो. तो लौकिक खरा आहे, पण तो विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतल्यानंतरचा. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि पुढे मालवणचे गो. स. घुर्ये यांनी तो देशभर नावाजलेला केला. १९३३ चा रासायनिक तंत्रज्ञान विभाग तर इतका वाढला की आज तो माटुंग्यात स्वतंत्र संस्था म्हणून उभा आहे. या कशाचाही वारा मडगावच्या वर्गात आम्हांला लागला नव्हता. त्या मानाने पणजीतील मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्रात गेलेले मित्र भाग्यवान. तेथे प्रयोगशाळा होती, संशोधन करणारे अध्यापक होते आणि प्रश्न विचारायला मुभा होती.

तेच केंद्र पुढे गोवा विद्यापीठाचा पाया ठरले. १९८४ च्या कायद्यानुसार १९८५ मध्ये हे विद्यापीठ सुरू झाले, ताळगावच्या पठारावर वसले, आणि गोव्यातली महाविद्यालये मुंबईपासून सुटून त्याला जोडली गेली. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या पदवीपत्रावर, तेच कॉलेज आणि तेच बाक असूनही, गोवा विद्यापीठाचे नाव आहे. त्याला मात्र कुठे शिकलास, असे कोणी विचारत नाही.